पालकसभेची वेळ

जून महिन्यात देहूतून दोन प्रस्थाने होतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते आणि त्याच सुमाराला पोरे नवी दप्तरे पाठीला लावून शाळेला निघतात. २०२५ साली १६ जूनला शाळा उघडल्या आणि १८ जूनला पालखी हलली. वारीची गर्दी ओसरते, इंद्रायणीचा घाट मोकळा होतो आणि मग एक दिवस मुलाच्या वहीत घडी घातलेली चिठ्ठी घरी येते : ‘बुधवारी सकाळी ११ वाजता पालकसभा आहे. सर्व पालकांनी उपस्थित राहावे.’

बुधवारी सकाळी अकराला देहूतला पालक कुठे असतो? पहिल्या पाळीला गेलेला बाप चाकणला किंवा तळवड्याला मशीनवर उभा असतो. रात्रपाळी करून आलेला भाड्याच्या खोलीत पडदा ओढून झोपलेला असतो. आई कुठे पॅकिंगच्या कामावर, कुठे कॅन्टीनमध्ये, कुठे चार घरच्या धुण्याभांड्यावर. सभेला येतात त्या आज्या आणि कडेवर तान्हे मूल असलेल्या दोन-चार आया. सह्या होतात, सूचना वाचल्या जातात, वीस मिनिटांत सभा आटोपते. शिक्षक म्हणतात, पालकांना आस्था नाही. पालक म्हणतात, शाळा आम्हाला विचारत नाही. दोघेही मनापासून तसे मानतात, आणि चूक त्या चिठ्ठीवरच्या वेळेत असते.

प्राथमिक शाळेत पालकांची संघटना कशी सुरू करायची, असे लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अध्यक्ष, सचिव, खजिनदार, शिक्का आणि लेटरहेड असते. ते सगळे शेवटी येते, आणि त्यातले बरेचसे कायद्याने आधीच आखून दिले आहे. आपल्याला कमवायचे असते ते कामावरून थकून आलेल्या माणसाचे शाळेत येणे. तरीही सुरुवात कायद्यापासून करू, कारण आपला हक्क काय आहे हे ठाऊक असलेला पालक मुख्याध्यापकांशी विनवणीच्या सुरात बोलत नाही आणि भांडणाच्याही सुरात बोलत नाही.

पहिल्यांदा पाहायचे ते हे की, आपली शाळा कोणाची? जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा असेल, तर पालकांची समिती तिथे कागदावर तरी आधीपासून असतेच. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्राने १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने तिचा तपशील ठरवला : १२ ते १६ सभासद, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, शाळेतला एक शिक्षक आणि गावातला एक शिक्षणप्रेमी किंवा बालविकासाचा जाणकार यांना उरलेल्या जागा. सोबतीला दोन विद्यार्थीही बसतात. मुदत दोन वर्षे, बैठक महिन्यातून एकदा. हिशेब करून पाहा. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि एकूण सहा बायका. सोळांची असेल तर बारा पालक, आठ बायका. आपल्या शाळेतल्या फळ्यावर समितीची नावे रंगवलेली असतील, तर ती मोजून पाहण्यासारखी आहेत.

अनुदानित खासगी शाळेतही ही समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथे तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे. विनाअनुदानित खासगी शाळेचा मार्ग वेगळा आहे. औद्योगिक पट्ट्यात या शाळा झपाट्याने वाढल्या आहेत, म्हणून त्यांच्याकडे पुढे सविस्तर येतो.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया ही गरिबाला जड जाणारी रक्कम होती. पालकाला दंडाच्या धाकाने शाळेच्या दारापर्यंत आणायला लागत होते. त्यानंतर शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत कायद्याने त्याच पालकाला शाळेच्या कारभारात तीन चतुर्थांश जागा देऊन बसवले. हा प्रवास मला फार मोठा वाटतो, आणि म्हणूनच ती जागा कोऱ्या कागदावरच्या सहीने भरलेली पाहिली की वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष काम. समितीत बारा ते सोळा माणसे असतात, शाळेचा पट दोनशे असेल तर उरलेल्या पालकांचे काय? पालकांची संघटना म्हणजे समितीच्या मागे उभी असलेली ही सगळी घरे. तिला नोंदणी लागत नाही. सोसायटी म्हणून नोंदायचेच ठरवले तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात सभासद लागतात, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नोंदणी होते, दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात. एका प्राथमिक शाळेच्या पालकांनी या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कागदांना जेवढ्या संध्याकाळी लागतात, तेवढ्यांत मुलांना वाचून दाखवण्याचा एक अख्खा उपक्रम उभा राहतो.

त्याऐवजी एक वही घ्यावी आणि रकाने आखावेत. मुलाचे नाव, इयत्ता, राहण्याची वस्ती, आई काय करते, बाप काय करतो, पाळी कोणती, साप्ताहिक सुट्टी कधी, घरात भाषा कोणती, फोन कोणाचा लागतो. ही वही दोन-तीन पालकांनी मिळून पंधरा दिवसांत भरायची. शाळा भरताना आणि सुटताना फाटकापाशी उभे राहिले की निम्मी भरते. उरलेल्यांसाठी माळवाडी, विठ्ठलवाडी किंवा नव्या इमारतींच्या बाजूला संध्याकाळी एक फेरी मारावी लागते. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवावे. बाईंना बहुतेक घरे माहीत असतात आणि त्यांना वगळून केलेली चौकशी त्यांना आपल्यावरची पाळत वाटू शकते. पालकांचे फोन आणि घरचे तपशील या वहीत असतात, म्हणून ती कोणाला फोटो काढू देण्यासाठी नाही, हेही पहिल्या दिवशीच ठरवावे.

वही भरली की गावाचे एक वेगळे चित्र समोर येते. देहूची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, जानेवारी २०२२ मध्ये तिचे पहिले सभागृह निवडून आले, आणि तोवर गावाची वस्तीही बदलून गेली होती. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत तशी मराठवाड्यातून, विदर्भातून कामासाठी आलेली कुटुंबे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारकडचीही आहेत. गावातल्या जुन्या घरचा पालक सभेत सहज बोलतो. कालच भाड्याने आलेला शेवटच्या रांगेत बसतो, कारण शाळा आपली आहे असे त्याला अजून वाटत नाही. वहीतला भाषेचा आणि वस्तीचा रकाना याच माणसासाठी आहे.

आणि पाळीचा रकाना सगळ्यांसाठी. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असणारे कारखाने पुष्कळ आहेत. ज्याला हे माहीत नाही तो सभा रविवारी ठेवतो आणि मग माणसे का येत नाहीत याचे आश्चर्य करतो. गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचची वेळ धरून बघा. शाळा पाचला सुटत असेल तर शिक्षक तिथेच आहेत, त्यांना परत यावे लागत नाही. ज्यांची गुरुवारची सुट्टी आहे ते घरी आहेत. ज्यांची नाही त्यांतले पहिल्या पाळीचे लोक चारपर्यंत परतलेले असतात आणि रात्रपाळीचे झोपून उठलेले असतात. राहता राहिले दुसऱ्या पाळीचे. पाळी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलते, म्हणून पुढच्या वेळी त्यांना जमते. आपल्या वहीतले आकडे वेगळे निघाले तर वेळ वेगळी निघेल, पण ती वहीतून निघाली पाहिजे. बरोबर एक तासाने, सव्वासहाला, सभा उठलीच पाहिजे. शिक्षकांनाही पुण्याला किंवा चिंचवडला जाणारी गाडी गाठायची असते, त्यांच्या वेळेचा मान ठेवला तर ते पुढच्या गुरुवारी आनंदाने थांबतात.

मुख्याध्यापकांना हे सांगायला एकट्याने जाऊ नये आणि वीस जणांनीही जाऊ नये. तीन जण पुरेत, त्यात दोन बायका असाव्यात. मागणी एकच : पालकसभा या वेळेला घ्या, माणसे आणण्याची जबाबदारी आमची. पालकांशी नियमित बैठक घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे कायद्याच्या २४व्या कलमाने शिक्षकांचे कर्तव्यच आहे, त्यामुळे या मागणीला नाही म्हणणारा मुख्याध्यापक सहसा भेटत नाही. त्यांची खरी अडचण असते ती सभेत शिरणाऱ्या गावातल्या राजकारणाची. पक्ष, भावकी, निवडणुकीतली जुनी उणीदुणी शाळेच्या व्हरांड्यात येऊ देणार नाही, हा शब्द त्यांना आपण द्यावा आणि पाळावा.

पहिल्या सभेची सूचना सात दिवस आधी जावी, तीवर विषय लिहिलेले असावेत आणि तीनपेक्षा जास्त नसावेत. खुर्च्यांच्या रांगा आणि समोर टेबल ही मांडणी टाळावी. सतरंजीवर गोल बसले की मागची रांग उरत नाही. हिंदीतून सांगणारा एक पालक शेजारी बसवावा. तान्ह्या मुलांना सांभाळायला दोन आज्यांना आधीच सांगून ठेवले तर त्यांच्या सुनांना तासभर डोके मोकळे ठेवून बसता येते. एवढ्याशा तजविजीने बायकांची हजेरी वाढताना मी पाहिली आहे.

समितीची निवड करायची असेल तर ती याच पालकसभेत होते. नावे इयत्तेप्रमाणे आणि वस्तीप्रमाणे मागावीत. ‘कोण तयार आहे?’ असे मोघम विचारले की तीच चार नावे पुढे येतात. पहिलीच्या पालकांतून दोन, दुसरीच्या पालकांतून दोन असे गेले, आणि त्यात नव्या वस्तीतले कोणी आले का हे थांबून पाहिले, तर समिती शाळेसारखी दिसायला लागते. चौथीच्या पालकाला घ्यावे पण अध्यक्ष करू नये असे मी सुचवीन. चौथीपर्यंतच्या शाळेतून मूल वर्षभरात बाहेर पडते आणि त्याच्याबरोबर पालकाचे सभासदत्वही. बायकांच्या निम्म्या जागा भरतात, पण सभेत त्यांचे यजमान येऊन बसतात, हा प्रकार ठिकठिकाणी होतो. त्यावर एक साधा नेम चालतो. ज्या बाईचे नाव आहे तिनेच यायचे, तिनेच सही करायची, आणि प्रत्येक विषयावर बायकांना आधी बोलायला सांगायचे. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत आवाज मोकळा होतो.

मग येते ती इतिवृत्ताची वही, जिला सगळे प्रोसिडिंग म्हणतात. संघटना टिकते की विरते हे या वहीत दिसते. ‘स्वच्छतागृहाबाबत चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ असे वाक्य लिहिले की तो विषय तिथेच संपतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारच्या सुट्टीनंतर पाणी नसते, कारण टाकी सकाळी एकदाच भरली जाते. दुपारी १२ वाजता मोटार लावण्याचे काम शाळेने करायचे. तिसरीच्या दोन पालकांनी दर मंगळवारी दुपारी पाहून यायचे. पुढच्या सभेत पहिला विषय हाच.’ यात काय, का, कोणी आणि कधी हे चारही आले. पुढची सभा मागच्या सभेचा कागद वाचूनच सुरू करायची. सभा कोणत्याही शाळेत असो, हा एक नेम पाळला तर ‘नुसत्या गप्पा होतात’ ही तक्रार राहत नाही.

तक्रारींचे काय करायचे, हा सगळ्यात नाजूक भाग. सभेत एकाने तोंड उघडले की दहा तक्रारी एकदम येतात, शिक्षक कोपऱ्यात सापडल्यासारखे होतात आणि पुढच्या सभेची तारीखच ठरत नाही. यासाठी बाहेरून काही शिकायला नको. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीला गाऱ्हाणे मांडायचे आहे, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. तेवढ्यावरून कोण दुखावले आहे ते कळते, मग त्यांचे म्हणणे ऐकले जाते, निवाडा होतो आणि आरती पुढे जाते. एवढ्या मोठ्या समाजाचे गाऱ्हाणे शिस्तीने ऐकण्याची ही रीत आपल्या डोळ्यांदेखत आहे. पालकसभेत तिचे रूप असे होऊ शकते : शेवटची पंधरा मिनिटे गाऱ्हाण्यांसाठी राखून ठेवायची, एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी गप्प राहून ऐकायचे, आणि गाऱ्हाणे आपल्या एका मुलाचे असेल तर ते सभेत न काढता वर्गशिक्षिकेशी बाजूला बोलायचे. शिक्षकाचे नाव घेऊन त्याला सगळ्यांसमोर उभे करायचे नाही. मारहाण, छेडछाड अशी गंभीर गोष्ट असेल तर ती सभेची वाट पाहत ठेवायची नसते. ती त्याच दिवशी लेखी द्यायची.

लेखी द्यायची म्हणजे कोणाकडे, हेही माहीत असावे. आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग हवेली पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्याच्यावर पुणे जिल्हा परिषदेत प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची. पायरी ओलांडून एकदम वर गेलेला अर्ज बहुधा खालीच परत येतो, मधल्या माणसांचा राग घेऊन.

आता समितीच्या हातात प्रत्यक्षात काय असते ते पाहू, कारण पालकांना ‘आम्हाला कुठे अधिकार आहेत’ असे वाटत असते. कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो, वर्षावर्षाचे भाग पाडलेला. किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहे, खर्च. आर्थिक वर्ष मार्चला संपते, म्हणून आराखडा डिसेंबरपर्यंत हातात असला तर त्याचा उपयोग. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे झालेच पाहिजे हेही तिथेच. आपल्या शाळेत शिक्षक कमी असेल तर ‘शिक्षक द्या’ एवढे म्हणून भागत नाही. पट अमुक, मंजूर पदे अमुक, रिकामी अमुक, असा आराखड्यातला आकडा पुढे ठेवावा लागतो.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान येते. पट १०० च्या आत असेल तर २५,००० रुपयांपर्यंत, १०० च्या वर आणि २५० पर्यंत असेल तर ५०,०००. त्यातला निदान दहावा भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. ही रक्कम मोठी नाही. तरीही ती कशावर गेली हे महिन्याच्या बैठकीत पावत्यांसकट समोर यायला हवे, आणि समितीच्या अध्यक्षाने न वाचता सही करू नये. पालकांनी वर्गणी काढायची ठरवली तर दिंडीतल्या भिशीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा : कोणी किती दिले, कशाला गेले, किती उरले, सगळ्यांसमोर आणि त्याच दिवशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गणी सक्तीची असूच शकत नाही. देऊ न शकणाऱ्या पालकाने पंखा दुरुस्त करून दिला, भिंत रंगवली, तर ते तितकेच मोलाचे. आपल्याकडे वेल्डर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, फिटर आहेत. वहीतला कामाचा रकाना इथे पुन्हा कामाला येतो.

पहिले काम कोणते घ्यावे? पाहता येईल, मोजता येईल आणि तीन महिन्यांत संपेल असे. दुपारचे जेवण हे माझ्या मते सगळ्यात चांगले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. वाढण्याआधी शिक्षकाने आणि समितीच्या सभासदाने चव घ्यायची असते. ही पाळी आठवड्यातून एक दिवस पालकांनी वाटून घेतली, चव घेऊन नोंदवहीत खरे काय ते लिहिले, तर महिन्याभरात जेवणही सुधारते आणि पालकांना शाळेचा आतला दिवस दिसतो. मुले रांगेत कशी बसतात, कोणाचे ताट लवकर रिकामे होते, स्वयंपाकी ताईंना पाणी लांबून आणावे लागते का, हे सगळे सभेत बसून कळत नाही.

दुसरे काम रस्त्याचे. देहू-आळंदी रस्त्याने आणि येलवाडीकडून चाकणला जाणारी अवजड वाहने शाळेच्या वेळेलाही धावत असतात. गतिरोधक, पांढरे पट्टे, शाळा भरताना-सुटताना एखादा वाहतूक पोलीस यांसाठी नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेला समितीच्या ठरावासह पत्र द्यावे लागते. पत्रासोबत पाच दिवस, शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात किती अवजड वाहने गेली याची पालकांनी केलेली मोजणी जोडली, तर ते पत्र इतर पत्रांच्या गठ्ठ्यात हरवत नाही.

तिसरे काम अभ्यासाचे, आणि इथे माता पालक गट उपयोगी पडतात. २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात राज्यभर हे गट सुरू झाले. एका गल्लीतल्या चार-सहा आया आठवड्यातून एकदा भेटतात, पहिलीत जाणाऱ्या मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. आई शिकलेली असावी लागत नाही. मुलाला रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचायला लावून ती ऐकत बसली तरी पुरे. बापांनीही या गटात यावे. गटाच्या नावात माता आहे म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाची जबाबदारी कमी होत नाही.

एवढ्याने खरेच काही घडते का, असे विचारणाऱ्याला फार लांब पाठवायला नको. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे रुजू झाले तेव्हा पटावर अवघी तीन मुले उरली होती. शाळा बंद पडायच्या बेतात होती. गाव आणि पालक शाळेच्या मागे उभे राहिले, मुलांनीच एकमेकांना शिकवायची विषयमित्राची पद्धत रुजली, पट शंभरापुढे गेला. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत समाजाच्या सहभागाच्या गटात ही शाळा पहिल्या दहांत आली आणि लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार तिला मिळाला. वारे गुरुजींसारखा शिक्षक प्रत्येक शाळेला मिळणार नाही, हे खरे. पण त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या पालकांसारखे पालक तळवड्याच्या, चाकणच्या पाळ्या करणाऱ्या वस्तीतही आहेत, असे मला ठामपणे वाटते.

आता खासगी विनाअनुदानित शाळा. इथल्या पालकांसाठी महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्याच्या नावात २०११ असले तरी तो अमलात आला २०१४ मध्ये. या कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला, आणि तो शाळेच्या प्रमुखाने वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत स्थापायचा आहे. प्रत्येक पालक आणि प्रत्येक शिक्षक त्याचा सभासद. वार्षिक वर्गणी ग्रामीण भागात २० रुपये, शहरी भागात ५०. कार्यकारी समितीत प्राचार्य अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक. ज्या पालकांनी इच्छा दाखवली असेल त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून नावे काढायची असतात. शाळेने आपल्या पसंतीचे पालक नेमायचे नसतात. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघाल्या का, इच्छुकांची यादी फलकावर लागली होती का, हे पालकांनी पहिल्याच महिन्यात विचारावे. उशीर झाला की वर्ष हातातून जाते.

या समितीचे मुख्य बळ शुल्कात आहे. पुढच्या वर्षाचे शुल्क किती असावे याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने निदान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा, खर्चाचे कागद दाखवायचे, आणि समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. ठरलेले शुल्क दोन वर्षे बंधनकारक असते. म्हणजे लढाई जूनमध्ये पावती हातात आल्यावर सुरू होत नाही. ती आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होऊन गेलेली असते, त्या वेळी समितीत बसलेल्या पालकाने ताळेबंद वाचला होता की नाही यावर. पालकांत कोणी कारखान्याच्या लेखाविभागात काम करणारा असेल तर त्याला सोबत घ्यावे. २०१८ च्या दुरुस्तीने शाळेतले २५ टक्के पालक एकत्र आले तर त्यांना विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते. पंचवीस टक्के म्हणजे ८०० मुलांच्या शाळेत जवळपास २०० घरांच्या सह्या. त्या एका आठवड्यात गोळा होत नाहीत. वर्षभर वही सांभाळली असेल तरच होतात.

व्हॉट्सॲप ग्रुप सगळेच करतात, म्हणून थोडक्यात. इयत्तेप्रमाणे ग्रुप असावा, त्यावर सूचना आणि सभेचे इतिवृत्त जावे, मुलांचे फोटो जाऊ नयेत, आणि कुठल्याही शिक्षकाबद्दलची चर्चा तिथे होऊ नये. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा घरी कोणी निरोप द्यायचा, हे नावानिशी ठरलेले असावे.

दोन वर्षे सरतात. अध्यक्षांचे मूल पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जाते, वही भरणाऱ्या तिघांतल्या एकाची नोकरी दुसरीकडे लागते आणि ते घर रिकामे होते. या पट्ट्यात माणसे सतत हलत असतात. म्हणून दरवर्षी पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांच्या मेळाव्यातच जुन्या पालकांपैकी दोघांनी जाऊन बसावे, नव्या पालकांना वही दाखवावी आणि त्यांच्याच हाताने त्यांचे रकाने भरून घ्यावेत : नाव, वस्ती, काम, पाळी, सुट्टी. मग त्या वर्षीची चिठ्ठी लिहायला घ्यावी. या वर्षी गुरुवारच येतो का, तेही आकडे मोजूनच पाहावे.